टू बीएचकेचा विचित्र प्लॅन: आर्किटेक्ट, इंटिरियरवाले की सरळ काँट्रॅक्टर?

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. कर्वेनगरात रीसेलचा टू बीएचके घेतलाय, १९९२ ची बिल्डिंग, पार्किंगवर चार मजले, आम्ही तिसऱ्यावर. जागा छान, वारा उजेड बरा, शेजारी चांगले, पण प्लॅन ज्याने कोणी काढलाय त्याला एकदा त्या हॉलमध्ये सोफा लावून दाखव म्हणावंसं वाटतं.

हॉल ११ बाय १५ आहे, म्हणजे तसा लहान नाही. पण एका टोकाला मेन डोअर, समोरच्या टोकाला बाल्कनी, डावीकडच्या लांब भिंतीत बरोब्बर मधोमध मास्टर बेडरूमचं दार आणि उजवीकडच्या भिंतीत आधी किचनचं दार आणि मग लगेच पॅसेजचं तोंड. सलग भिंत म्हणून नाहीच. सोफा कुठेही ठेवा, कुणीतरी टीव्हीच्या मधून जाणारच. पॅसेज ४ फूट रुंद १४ फूट लांब, दिवसाही लाइट लावावा लागतो, त्याच्या एका अंगाला किचनची भिंत, दुसऱ्या अंगाला बाथरूम आणि पुढे संडास, शेवटी दुसरी बेडरूम. किचन ८ बाय ९, फ्रिज आत मावत नाही म्हणून आधीच्या मालकांनी तो हॉलमध्ये ठेवला होता.

आत्तापर्यंत तिघांना दाखवलं. एका मॉड्युलर किचनच्या शोरूमने फुकटात थ्रीडी करून दिलं, दिसतं सुंदर पण दारं सगळी जिथल्या तिथे. एक काँट्रॅक्टर म्हणाला ताई हॉल किचनमधली भिंत पाडू, ओपन किचन करू, दोन दिवसाचं काम. आणि सासूबाईंच्या ओळखीचे वास्तुवाले म्हणाले संडास ईशान्येला आहे, तो हलवल्याशिवाय राहायला जाऊ नका. तिघांची तीन तोंडं. सगळं धरून बजेट ९-१० लाख. आता नेमकं कुणाला पैसे देऊन बोलवावं? आणि डिझायनरची फी खरंच वर्थ असते का, की तेवढ्यात चांगला ओटा होतो?

आबा_करवीर

अहो ताई एवढं कशाला, आमच्या कोल्हापुरात घर बांधतानाच गवंड्याला सांगतो हितं दार नको तितं कर, झालं. जुना चांगला मिस्त्री बघा, त्याला आर्किटेक्टपेक्षा जास्त कळतं. फी वाचवा आणि टाइल्स भारी घ्या.

कोथिंबीर

आबा, स्वतःच्या जागेवरचं घर आणि बिल्डिंगमधला तिसरा मजला यात फरक आहे ना.

चहाताई, शोरूमवाल्यांबद्दल सांगते. ते फुकट डिझाइन म्हणतात तेव्हा ते कपाटांचं डिझाइन असतं. त्यांचा धंदा प्लायवूड, शटर आणि हार्डवेअर विकण्याचा आहे, दार सहा फूट सरकवलं तर त्यांचं एकही कपाट जास्त विकलं जात नाही मग ते कशाला सुचवतील. माझ्या बहिणीकडे असंच झालं, डायनिंगला जागाच नव्हती तर तिथे क्रॉकरी युनिट सुचवलं. आणि ते थ्रीडी बघताना एक करा, चित्रातला सोफा किती फुटांचा आहे ते विचारा. तीन सीटर सोफा साधारण साडेसहा ते सात फुटांचा असतो, चित्रात बऱ्याचदा पाच फुटांचा टाकलेला असतो म्हणून हॉल मोठा दिसतो.

स्लॅबकर

मी पेशाने आर्किटेक्ट, नाशिकला असतो, त्यामुळे यात माझं गिऱ्हाईक शोधणं नाही. जरा लांब लिहितोय.

कुणाला बोलवायचं हे तुमचा त्रास कशातला आहे त्यावर ठरतं. सामान मावत नाही एवढंच असेल तर चांगला इंटिरियर डिझायनर पुरतो. भिंती, दारं, चालण्याचा रस्ता, उजेड यात गडबड असेल तर प्लॅनवर विचार करणारा माणूस लागतो, तो आर्किटेक्ट असेल किंवा स्पेस प्लॅनिंग खरंच येणारा इंटिरियरवाला असेल. आणि कुठलीही भिंत पाडायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, त्याला पर्याय नाही. तुमचं वर्णन वाचून मला तरी कपाटांचा प्रश्न दिसत नाही, दारांचा दिसतोय.

दुसरं, आर्किटेक्ट हे नाव कुणीही लावू शकत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असावी लागते, नंबर सीए ने सुरू होतो, कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला मात्र असं सक्तीचं लायसन्स नाही, त्यामुळे तिथे उत्तम शिकलेली माणसं पण आहेत आणि काल पडद्यांचं दुकान होतं आज डिझायनर असेही आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअर शक्यतो महापालिकेकडे लायसन्स असलेला घ्या, त्याचं सही शिक्क्याचं पत्र सोसायटीला द्यायला लागेलच.

आता त्या काँट्रॅक्टरच्या दोन दिवसांबद्दल. ९२ सालची चार मजली म्हणजे बहुतेक आरसीसी फ्रेम असणार, म्हणजे बिल्डिंगचं वजन भिंतींवर नाही तर कॉलम बीमवर, तरी नुसत्या ‘बहुतेक’ वर भिंत पाडू नका. साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूच्या प्लास्टरसकट, ११ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच, तिचं वजन अडीच टनाच्या आसपास जातं. भिंत उभी असते तेव्हा ते बहुधा खालच्या बीमवर असतं. पाडली की तोच राडारोडा दोन दिवस हॉलच्या मध्यात ढिगाने पडतो आणि घराच्या स्लॅबचं डिझाइन वापराच्या वजनाला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो धरून केलेलं असतं. म्हणून पाडायचं तर थोडं थोडं, आणि पोती रोजच्या रोज खाली. हे जो काँट्रॅक्टर स्वतःहून बोलतो तो कामाचा.

तिरफळ

स्लॅबकर, मस्त पोस्ट. आमचं मडगावचं घर चिऱ्याचं आहे, भिंती दीड फुटाच्या जवळ, वरचं सगळं छप्पर त्यांच्यावरच. तिथे दोन खोल्यांमध्ये नुसतं दार काढायचं होतं तरी इंजिनिअरने आधी वर टेकू द्यायला लावला, मग लिंटेल (दारावरचं वजन पेलणारी आडवी पट्टी) टाकून घेतला, आणि मगच खालचे चिरे काढले. मिस्त्री आमचा तिसऱ्या पिढीचा, हात सोन्याचा, पण तोही म्हणाला साहेबांना विचारा.

चहाताई, भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजता येईल का? प्लास्टरसकट ५-६ इंच असेल तर साडेचार इंची, १० च्या पुढे असेल तर नऊ इंची.

स्लॅबकर

मोजा जरूर, पण जाडीवरून निकाल लावू नका. नऊ इंची भिंतीत कॉलम लपलेला असतो आणि साडेचार इंचीच्या वर बीम असू शकतो. बीम कधी कधी भिंतीच्या एका बाजूला पट्टीसारखा बाहेर आलेला दिसतो, तो कुठून कुठे जातोय ते टॉर्च मारून बघा.

सेक्रेटरी_काका

मी डेक्कनच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. बिल्डिंग ९२ ची म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीसच्या वरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तुमच्या सोसायटीत झालं असेल तर तो रिपोर्ट मागून घ्या. त्यात कॉलम बीमची अवस्था कशी आहे, कुठे गळती, कुठे लोखंड उघडं पडलंय हे सगळं असतं आणि ऑडिट करणारा इंजिनिअर बिल्डिंग ओळखत असतो, त्यालाच तुमच्या भिंतीचं विचारलंत तर निम्मं काम होतं. मंजूर नकाशाची प्रत पण सोसायटीच्या कपाटात असते, नसली तर महापालिकेतून काढता येते.

आणि कमिटीची लेखी परवानगी कामाआधी घ्या. आमच्याकडे एकाने रविवारी दुपारी ब्रेकर लावला, वर खाली सगळे जिन्यात जमा. नंतर परवानगी मागायला आला तेव्हा कोण देणार हो?

बावधनकर

इथे कुणी नवीन टॉवरवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो. हल्लीच्या बऱ्याच उंच बिल्डिंग अ‍ॅल्युमिनियम शटरिंगच्या, लोक मायवान म्हणतात त्या, त्यात आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि त्याच बिल्डिंग पेलतात. तिथे भिंत पाडणं सोडाच, एसीच्या पाइपला मोठं भोक पाडायचं तरी विचारावं लागतं. आम्हाला पण ओपन किचन हवं होतं, डिझायनरने पहिल्याच भेटीत खिळा ठोकून बघितला आणि म्हणाली हे विसरा. शिवाय रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते, तुम्ही भिंतींना हात लावलात की तो हात वर करायला मोकळा.

दुपारचा_चहा

बापरे केवढी माहिती. धन्स सगळ्यांना. सेक्रेटरी काका, ऑडिट झालंय म्हणे, रिपोर्ट उद्या मागते. तिरफळ, किचन पॅसेजमधली भिंत साडेपाच इंच भरली. हॉल किचनमधली मोजता येत नाहीये कारण चौकटीवर आधीच्यांनी लाकडी पॅनेलिंग केलंय.

संडास हलवण्याचं काय करू? सासूबाई अडून बसल्यात.

हळवा_कांदा

हलवू नका. हे वास्तुवर मत नाही, प्लंबिंगवर आहे. चार इंची पाइपला ४० ला १ असा उतार धरला तर १० फुटांवर ३ इंच उतार लागतो, त्यात पाइपची स्वतःची जाडी, ट्रॅप, वॉटरप्रूफिंग आणि वर टाइल. संडासाखाली स्लॅब खोलगट टाकलेला असतो तो याचसाठी. तुम्ही बेडरूममध्ये नेलात तर तिथे स्लॅब सपाट, म्हणजे जमीन नऊ इंच फूटभर उचलावी लागेल, संडासात पायरी चढून जा म्हणावं आजींना. आणि खाली दुसऱ्या मजल्यावरच्यांची बेडरूम. उद्या थेंब पडला की पलंगावरच.

मांजरपाट

वास्तुशास्त्र हे शास्त्रच आहे, उगाच हिणवू नका. आमच्या घरात आग्नेयेला ओटा आल्यापासून...

कोथिंबीर

झालं, आता हा धागा शंभरी गाठणार.

हळवा_कांदा

मी हिणवलं कुठे, मी उतार सांगितला.

सेक्रेटरी_काका

मांजरपाट, तुमचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. इथे एवढंच की घरातल्या मोठ्यांचं मन राखायचं असेल तर ते डिझायनरला पहिल्या भेटीतच सांगावं. देवघर, पलंगाची दिशा, ओट्याकडे तोंड कुठे, हे सगळं कागदावर असताना फुकटात बदलतं. संडास हलवण्यापेक्षा तेवढ्यावर तडजोड होते बऱ्याचदा, अनुभव आहे.

दूरदेशी

न्यू जर्सीत असते. इथे घरं लाकडी चौकटीची, आतली भिंत पोकळ, बघून वाटतं हातोड्याने निघेल. पण वजन पेलणारी भिंत काढायची तर टाउनशिपचं परमिट लागतं आणि मधे मधे त्यांचा इन्स्पेक्टर येऊन बघून जातो. आम्ही आधी काँट्रॅक्टर ठरवला आणि मग इंजिनिअर शोधला, त्यामुळे काँट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये जो बीम होता तो इंजिनिअरने बदलायला लावला आणि कोटेशन वाढलं. क्रम उलटा ठेवा एवढंच.

गच्चीवरची_तुळस

फीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. मी २०२२ मध्ये सिंहगड रोडच्या फ्लॅटला फक्त लेआउटचं काम दिलं होतं, ३५ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. घरात तेव्हा सगळे म्हणाले एका कागदाचे एवढे? पण त्या कागदात दोन वेगवेगळे लेआउट, ठरलेल्या लेआउटचं पक्कं ड्रॉइंग, इलेक्ट्रिकल पॉइंट कुठे किती उंचीवर, प्लंबिंगचे पॉइंट, कुठलं पाडायचं कुठलं बांधायचं याचा वेगळा नकाशा असं सगळं होतं. तोच सेट घेऊन तीन काँट्रॅक्टरकडून कोटेशन घेतली आणि पहिल्यांदाच ती एकमेकांशी ताडून बघता आली, कारण तिघांनी एकाच कामाचे भाव दिले होते. आधी एकाचं सहा लाख आणि एकाचं अकरा, कशाला काय म्हणायचं कळतच नव्हतं.

बाकी लोक स्क्वेअर फुटावर घेतात किंवा एकूण कामाच्या टक्क्यात. टक्क्यात माझा विश्वास कमी, काम महाग झालं की फी वाढते. हे माझं मत हां, आर्किटेक्ट मंडळींनी मारू नये.

स्लॅबकर

मारत नाही. टक्केवारी नवीन बांधकामात ठीक असते, अशा दुरुस्तीच्या कामात ठरावीक रक्कम दोघांनाही बरी. मात्र साइटवर यायचे पैसे त्यात धरलेत की नाही ते लिहून घ्या. आणि एक नाजूक प्रश्न सगळ्यांनी विचारावा, प्लायवाल्याकडून, टाइलवाल्याकडून तुम्हाला कमिशन मिळतं का? घेणारे खूप आहेत, त्यात गुन्हा नाही, पण माहीत असावं. जो कमिशन घेतो त्याची फी कमी दिसते, बाकीची वसुली तुमच्या टाइल्समध्ये असते.

निवडताना पूर्ण झालेल्या घरांचे फोटो मागू नका, फोटोत सीलिंगचे दिवेच दिसतात. आधीचा प्लॅन आणि नंतरचा प्लॅन शेजारी शेजारी मागा आणि विचारा इथे हे दार का हलवलंत. ज्याला ते सांगता येतं त्याला काम येतं. आणि पहिल्या भेटीत तो किती प्रश्न विचारतो बघा. कपडे कुठे वाळत घालता, पाहुणे किती येतात, पीठ कुठे ठेवता, घरी कोण काम करतं. आल्या आल्या रंग कुठला आवडतो विचारणारा असेल तर चहा पाजून पाठवून द्या.

आबा_करवीर

बरं बाबा, हरलो. पण फोटो टाका हो काम झाल्यावर.

तिरफळ

मला एक सुचतंय, चुकीचं असेल तर स्लॅबकर हाणा. किचनचं दार हॉलमधून बंद करून पॅसेजमधून काढलं तर? हॉलच्या उजव्या भिंतीत फक्त पॅसेजचं ४ फुटांचं तोंड राहील, म्हणजे १५ तले ११ फूट सलग मिळतात. आणि बंद केलेल्या दाराच्या जागी आतून फ्रिज.

स्लॅबकर

हाणत नाही, हेच डोक्यात होतं पण जागा न बघता लिहायचं टाळत होतो. पॅसेजच्या भिंतीला आतून ओटा किंवा नळाची लाइन असेल तर सगळं बदलतं. आणि गॅसची पाइप कुठून येते तेही बघावं लागेल, एमएनजीएलचं (पाइपने गॅस देणाऱ्या कंपनीचं) कनेक्शन असेल तर ती पाइप त्यांच्याच माणसाने हलवायची, आपल्या प्लंबरने नाही.

कोथिंबीर

पण मग चहा घेऊन हॉलमध्ये यायला वळसा पडेल की.

तिरफळ

चार पावलं. सोफ्यावर बसून टीव्ही दिसेल त्या बदल्यात.

दुपारचा_चहा

मंडळी अपडेट. मध्ये महिना गेला, माफी.

ऑडिटवाल्या इंजिनिअरना घरी बोलावलं. लाकडी पॅनेलिंग काढल्यावर हॉल किचनच्या भिंतीच्या पॅसेजकडच्या टोकाला कॉलम निघाला आणि वर बीम. म्हणजे ओपन किचन केलं असतं तरी कोपऱ्यात कॉलम आणि डोक्यावर बीम राहिलाच असता, त्या काँट्रॅक्टरच्या चित्रात दोन्ही नव्हते. शिवाय ऑडिटमध्ये आमच्याच बाल्कनीच्या एका बीमचं लोखंड गंजलेलं दाखवलंय, ती दुरुस्ती आधी, ती सोसायटी करणार आहे.

मग प्लॅनसाठी एका आर्किटेक्टला दिलं, दोघांशी बोलले होते. एकीने भेटल्या भेटल्या मूडबोर्ड (रंग, कापड, फोटोंचा नमुना तक्ता) उघडला. दुसरीने येऊन आधी सगळं घर टेपने मोजलं, सासूबाईंशी अर्धा तास बोलली आणि म्हणाली संडास राहू दे पण बाथरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये बेसिन घेऊ आणि देवघर ईशान्येलाच पण दुसऱ्या बेडरूममध्ये, तिथे संडासाची भिंत लागत नाही. सासूबाई खूश. ठरावीक फी, लेआउटपुरतीच, साइटवरच्या भेटी वेगळ्या. कमिशनचं विचारलं तर हसली, म्हणाली घेत नाही, कोटेशनमध्ये लिहून देते.

प्लॅन जवळपास तिरफळने सांगितला तोच! किचनचं दार पॅसेजमध्ये, पण कॉलम सोडून थोडं आत, बरोबर बाथरूमच्या दारासमोर येऊ नये म्हणून सरकवलंय. आणि एक गोष्ट जी आपल्यापैकी कुणाला सुचली नव्हती, मास्टर बेडरूमचं दार हॉलच्या मध्यातून काढून बाल्कनीच्या कोपऱ्याकडे नेलंय, त्यामुळे डावीकडेही दहा अकरा फूट सलग भिंत. किचनच्या नव्या दारावर वरच्या बाजूला काचेचं व्हेंटिलेटर, त्याने पॅसेजमध्ये किचनचा उजेड येतो. पाडायचं म्हणजे फक्त दोन दारांपुरतं, दोन्हीवर लिंटेल, इंजिनिअरचं पत्र मिळालं, कमिटीकडे अर्ज दिलाय. डायनिंग टेबल मात्र कुठेच नीट बसत नाहीये. ती म्हणाली भिंतीला घडी होणारं करू, नवरा म्हणतो मला घडीवर जेवायचं नाही. तो वाद चालू आहे.

गच्चीवरची_तुळस

वा! जुनी दारं बंद कशाने करणार? विटा की ब्लॉक? एएसी ब्लॉक वजनाला बरेच हलके असतात, इंजिनिअरला विचारून घ्या. आणि जुन्या प्लास्टरच्या आणि नव्याच्या सांध्यावर जाळी मारायला सांगा, नाहीतर तिथे दाराच्या आकाराची चीर उमटते.

हळवा_कांदा

आणि त्या जुन्या चौकटींशेजारी लाइटची बटणं असतील, त्यांचे कंड्युट, म्हणजे वायरचे पाइप, भिंतीत आहेत. दार हललं की बटण दाराच्या मागे जाईल. इलेक्ट्रिकल ड्रॉइंगमध्ये आलंय का बघा.

दुपारचा_चहा

बेडरूमचं आलंय, किचनचं नाही! आत्ताच तिला मेसेज केला. थँक्यू हळवा_कांदा.

बदलापूर_लोकल

सगळा धागा एका बैठकीत वाचला. चहाताई, आर्किटेक्टचं नाव नंबर मिळेल का? पुण्यात भावाचा फ्लॅट आहे, त्याचा हॉल तर एल आकाराचा.

दुपारचा_चहा

तिला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. भावाला सांगा तोपर्यंत सोसायटीतून मंजूर नकाशा काढून ठेव, ती तो आधी मागते.